डोमेन हातचं गेलंय. ब्लॉग कुठे ठेवू आणि वाचक कुठून आणू? (मुक्काम नागपूर)

गच्चीवाली | ११ एप्रिल, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच माफी मागून ठेवते.

मी प्रतापनगरला राहते. गच्चीवर ऐंशी-नव्वद कुंड्या आहेत आणि त्यांच्याबद्दल २०१७ पासून मराठीत लिहिते. सुरुवातीला गूगलच्या फुकटच्या 'ब्लॉगर'वर लिहायचे. तीन वर्षांपूर्वी ओळखीतला एक मुलगा म्हणाला, "काकू, तुम्हाला स्वतःची साइट करून देतो." वर्डप्रेसवर (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) छान करूनही दिली. एकरकमी पैसे दिले. डोमेन (साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), पासवर्ड, सगळं त्याच्याकडे. मी आपली लिहायचे आणि 'प्रकाशित करा' दाबायचे.

परवा मैत्रिणीचा फोन आला, "अगं, तुझ्या साइटवर कर्जाच्या जाहिराती काय दिसतायत?" उघडून बघते तर खरंच. बाग गायब, जाहिराती हजर. मुलगा आता पुण्यात नोकरीला आहे आणि फोन उचलत नाही.

जुना ब्लॉगर अजून जागेवर आहे, त्यावर १४० लेख आहेत. नंतरचे पंचेचाळीस मात्र फक्त नव्या साइटवर होते. मला विचारायचंय की माझं नाव परत मिळेल का, आणि मिळालं तर पुन्हा तेच वर्डप्रेस की दुसरं काही? दुसरं म्हणजे एका जाहिरातवाल्याने पंधरा हजारांत "गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो" असं सांगितलंय. रोज तीस-चाळीस वाचक येतात, त्यात निम्मे माझे नातेवाईक. द्यावेत का पैसे?

झिरो_माईल | ११ एप्रिल, रात्री १०:१५

पंधरा हजार कोणालाही देऊ नका. आधी डोमेन बघू, कारण तिथे तारीख चालू आहे.

आयकॅन म्हणजे डोमेनांचा जागतिक कारभार बघणारी संस्था, तिच्या लूकअप पानावर तुमचं डोमेन टाका. मालकाचं नाव बहुधा झाकलेलं असेल, पण रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) कोण आणि मुदत कधी संपली हे दिसेल. डॉट कॉम असेल तर मुदत संपली म्हणजे नाव लगेच जात नाही. आधी काही आठवडे, जास्तीत जास्त ४५ दिवस, बहुतेक रजिस्ट्रार नेहमीच्याच दरात रिन्यू करू देतात. मात्र काही जण त्याआधीच नाव लिलावात काढतात, त्यामुळे ४५ दिवस आहेत म्हणून बसून राहू नका. त्यानंतर ३० दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. नाव तेव्हाही मिळतं, पण दंडासकट, आणि तो दंड काही हजारांत जातो. मग ५ दिवस ते कोणालाच मिळत नाही आणि त्यानंतर बाजारात मोकळं. जो आधी घेईल त्याचं.

जाहिराती दिसतायत म्हणजे कोणी विकत घेतलं असं नाही. मुदत संपली की रजिस्ट्रार स्वतःच तिथे जाहिरातींचं पान लावतात.

तर्री_पोहे | ११ एप्रिल, रात्री १०:३१

काकू टेन्शन नका घेऊ, तुमचं डोमेन अजून मेलं नाही, आयसीयूत हाय. पण त्या पोट्ट्याले पकडा. खातं त्याच्या नावावर असंल तर रजिस्ट्रार तुमचं ऐकूनच नाही घेत. पैसे तुम्ही दिले का कोणी दिले, त्याले घेणंदेणं नाही. खात्यात ज्याचा ईमेल, त्याचं नाव.

गच्चीवाली | १२ एप्रिल, सकाळी ७:०५

बघितलं. डॉट कॉमच आहे. मुदत संपून १९ दिवस झालेत. नाव झाकलेलं आहे.

कोडकरी_धरमपेठ | १२ एप्रिल, सकाळी ११:२०

मी साइट बनवून देणाऱ्यांपैकीच एक, म्हणून त्या मुलाची बाजूही मांडतो. मारू नका.

गिऱ्हाईक एकदा पैसे देतं आणि समजतं की साइट म्हणजे फ्रिज, एकदा घेतला की झालं. डोमेनचं भाडं दरवर्षी, होस्टिंगचं दरवर्षी. रिन्यूअलचे हजार-बाराशे मागितले की "अरे, मागे दिले होते ना!" मी दोन वर्षं लोकांची डोमेनं खिशातून भरली. मग सोडून दिलं. त्यातले एक गृहस्थ तीन वर्षांनी रविवारी सकाळी फोन करतात, फोटो बदलायचाय म्हणून.

तरीपण चूक आमची असते हे खरं. डोमेन गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, गिऱ्हाइकाच्या कार्डावरून घ्यायला पाहिजे. आम्हाला काम करण्यापुरता वेगळा प्रवेश देता येतो. आता मी तसंच करतो. एखाद्या गिऱ्हाइकाला ईमेल उघडता येत नसेल तर समोर बसवून उघडून देतो, पण खातं त्याचंच.

ताई, मुलगा भेटला की त्याला दोनच गोष्टी सांगा. आधी रिन्यू कर. मग त्याच रजिस्ट्रारकडे मी खातं उघडते, तिकडे ढकल. दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायचं असेल तर ऑथ कोड (बदलीचा पासवर्ड) लागतो, आणि नव्या नोंदणीनंतर किंवा अशा बदलीनंतर ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही. त्याच कंपनीत खातं बदलणं सगळ्यात सोपं.

फुटाळा_संध्याकाळ | १२ एप्रिल, दुपारी १:५०

लेखांचं सांगते. वेबॅक मशीनवर तुमच्या साइटचा पत्ता टाकून बघा. इंटरनेट अर्काइव्हवाले जगभरच्या पानांच्या प्रती ठेवत असतात. सगळं मिळेलच असं नाही, पण माझ्या आजोबांवर लिहिलेलं एक पान मला तिथेच सापडलं होतं.

गच्चीवाली | १२ एप्रिल, दुपारी ४:१२

फुटाळा, तुमच्या तोंडात साखर! पंचेचाळीसपैकी एकतीस मिळाले. फोटो अर्धेमुर्धे आहेत, पण अक्षर न् अक्षर आहे. कढीपत्त्याचा लेख मिळाला म्हणून डोळ्यात पाणी आलं. (हसू नका.)

संत्री_मृगबहार | १२ एप्रिल, सायंकाळी ६:३०

आता होस्टिंग. मी काटोलला संत्र्याच्या कलमांची साइट चालवतो, होस्टिंगचे तीन अनुभव घेऊन बसलोय.

पहिल्या वर्षाचा दर बघून कधीच घेऊ नका, रिन्यूअलचा बघा. महिना शंभर-सव्वाशे म्हणून मोठ्ठ्या अक्षरांत लिहितात. तो दर तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तरच असतो, वर १८ टक्के जीएसटी. चौथ्या वर्षी बिल येतं ते तिप्पट. आणि 'अनलिमिटेड' हा शब्द वाचला की अटींच्या पानावर जाऊन फाइलींची मर्यादा शोधा. जागा अमर्याद, पण फाइली किती ठेवायच्या ते मोजून दिलेलं असतं.

'९९.९ टक्के चालू' म्हणतात, त्यातही वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा आहे. आमच्याकडे ते तास नेमके कलमांच्या मागणीच्या दिवसांत आले.

सर्व्हर मुंबईचा मिळत असेल तर अमेरिकेचा घेऊ नका. पान उघडताना फरक जाणवतो.

विज्ञानाचा_पोट्टा | १२ एप्रिल, रात्री ८:०२

काकू, होस्टिंगला पैसे कशाला? घरीच रास्पबेरी पाय लावा. छोटा कॉम्प्युटर असतो, वीज नाममात्र खातो. मी माझी साइट तशीच चालवतो.

तर्री_पोहे | १२ एप्रिल, रात्री ८:१०

मे महिन्यात पण चालते का बे? ४६ डिगरीत? लाइट गेल्यावर?

विज्ञानाचा_पोट्टा | १२ एप्रिल, रात्री ८:२६

मागच्या मे मध्ये कूलरसमोर ठेवला होता. ओलाव्याने गेला. 😐 शिवाय इंटरनेटवाल्याने पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) दिलेला नाही, म्हणून मध्ये टनेल, म्हणजे आडवाट लावावी लागते. ओके, सल्ला मागे घेतो.

झिरो_माईल | १२ एप्रिल, रात्री ९:१५

माझं मत थोडं वेगळं आहे. गच्चीवाली ताईंना वर्डप्रेस मुळात कशाला हवंय? दुकान नाही, बुकिंग नाही, लेख आणि फोटो आहेत. वर्डप्रेस म्हटलं की प्लगिन (वरून जोडलेली छोटी सॉफ्टवेअरं) अपडेट करा, बॅकअप घ्या, कोणी घुसलं तर निस्तरा. हे सगळं करणारा माणूस घरात नसेल तर वर्षभरात साइट पाणी न घातलेल्या तुळशी वृंदावनासारखी होते.

ब्लॉगरवरच राहा आणि स्वतःचं डोमेन त्याला जोडा. जागा फुकट, एसएसएल (पत्त्याशेजारचं सुरक्षिततेचं कुलूप) फुकट, खर्च फक्त डोमेनचा. जोडल्यावर जुन्या ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर आलेला वाचक आपोआप नव्या पत्त्यावर जातो, म्हणजे २०१७ पासून लोकांनी जतन केलेल्या लिंका वाया जात नाहीत. एकतीस लेख टाकताना प्रत्येकाची मूळ तारीखही देता येते.

कोडकरी_धरमपेठ | १२ एप्रिल, रात्री ९:४४

पोटावर पाय देताय माझ्या, पण बरोबर आहे. एकच भर: गूगलने उद्या ब्लॉगर गुंडाळला तर? १९९९ पासून चाललंय, २००३ ला गूगलने घेतलं, अजून आहे. तरी महिन्यातून एकदा सेटिंग्जमधून बॅकअप उतरवून घ्या. त्यात लेख येतात, फोटो नाही येत, फोटोंचं फोल्डर स्वतःकडे वेगळं ठेवा. डोमेन तुमच्या हातात असेल तर घर कधीही बदलता येतं. पाटी तीच, आतलं सामान दुसरीकडे.

फुटाळा_संध्याकाळ | १३ एप्रिल, सकाळी १०:०५

मराठी ब्लॉगची एक अडचण कोणी सांगितली नाही. ब्लॉगरवर शीर्षक मराठीत दिलं की लेखाचा पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि पुढे एखादा आकडा असा होतो. त्यातून कुणालाच काही कळत नाही. प्रकाशित करण्याआधी उजवीकडे 'पर्मालिंक' असतं, तिथे रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द टाका, 'tulas-unhala' वगैरे. प्रकाशित झाल्यावर बदलायचं म्हणजे लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो आणि जुनी लिंक तुटते.

वर्डप्रेसवर उलटी गंमत. पत्ता देवनागरीत होतो, पण व्हॉट्सॅपवर चिकटवला की टक्क्यांच्या चिन्हांची माळ. 'नागपूर' या शब्दात काना आणि ऊकार धरून सहा चिन्हं आहेत. प्रत्येकाची नऊ अक्षरं होतात, एकूण ५४. लोकांना वाटतं व्हायरस आहे, कोणी दाबत नाही.

महालचा_छापखाना | १३ एप्रिल, सकाळी ११:३०

आमच्याकडे दिवाळी अंकाचं जुनं काम कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांमध्ये आहे. एका मंडळाने ते जसंच्या तसं साइटवर चढवलं होतं. डोळ्यांना मराठी, गूगलच्या लेखी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. एकही लेख शोधात येईना. युनिकोडमध्ये (सगळीकडे मराठी म्हणूनच ओळखली जाणारी अक्षरं) बदलून घेतलं, पण कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार बिघडवतो, सगळं पुन्हा वाचावं लागलं. दोन पोरी आणि मी, सव्वा महिना. ताई, तुमचं पहिल्यापासून युनिकोड आहे, हे भाग्य समजा.

गच्चीवाली | १३ एप्रिल, दुपारी ३:२०

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. मुलगा अजून सापडला नाही. पण वाचकांचं काय? पंधरा हजारवाल्याचा आज पुन्हा फोन आला, "मॅडम, ऑफर रविवारपर्यंतच."

झिरो_माईल | १३ एप्रिल, दुपारी ३:४१

गूगल स्वतः लिहून सांगतं की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीच देऊ शकत नाही. हे लोक कुठल्या कुठल्या साइटींवर तुमच्या लिंका विकत टाकतात. त्याच प्रकाराला आळा घालायला २०१२ मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला आणि भल्याभल्या साइटी खाली गेल्या. दुसरे काही जण 'कीवर्ड टॅग' (पानाच्या कोडमध्ये लपवलेली शब्दांची यादी) भरून देण्याचे पैसे घेतात. तो टॅग आपण क्रमवारीसाठी बघतच नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगून टाकलंय.

फुकटात करण्यासारखं मोठं काम म्हणजे गूगल सर्च कन्सोल. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करायचं, साइटमॅप (पानांची यादी) द्यायचा. मग लोक काय शोधत तुमच्यापर्यंत आले ते शब्द दिसायला लागतात. ते वाचायची मजा वेगळीच.

संत्री_मृगबहार | १३ एप्रिल, सायंकाळी ५:१०

माझा गाढवपणा सांगतो. आठ महिने साइट गूगलवर येईना. जाहिरातींना पैसे घातले, तरी ढिम्म. शेवटी भाच्याने बघितलं तर वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांना ही साइट दाखवू नका' यावर टिचकी मारलेली होती. साइट बनत असताना बनवणाऱ्याने मारली, काढायला विसरला. ब्लॉगरमध्येही अशी सोय आहे, 'सर्च इंजिनांना दिसू द्या' हे चालू आहे का ते एकदा बघाच.

आणि सर्च कन्सोलने मला काय शिकवलं ते सांगतो. मी लिहायचो 'संत्रा कलमांची निवड व व्यवस्थापन'. लोक शोधत होते 'संत्र्याचं झाड पिवळं का पडते'. लोकांच्या तोंडचं वाक्य तसंच्या तसं शीर्षकात टाकलं. वर्षभरात इतर सगळ्या लेखांपेक्षा त्या एका पानावर जास्त माणसं आली. बरेच जण रोमन अक्षरांतही शोधतात, पण त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

अंबाझरी_सकाळ | १३ एप्रिल, रात्री ९:००

मी तुमच्या बागेची जुनी वाचक, काकू. वाचक म्हणून बोलते.

तुमचा 'नवतपात कुंड्या कशा वाचवाव्यात' हा लेख दरवर्षी मी शोधून काढते. तुम्ही तो टाकलात २८ मे ला! तोवर माझी जास्वंद गेली होती. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या आसपास लागतो. हिरवी जाळी, मल्चिंगचा पालापाचोळा, कुंड्या भिंतीच्या सावलीला सरकवणं, हे सगळं एप्रिलमध्ये करायचं असतं. लेख मार्चमध्ये टाका. पुढच्या वर्षी तोच लेख दुरुस्त करून वर आणा, नवा लिहू नका. लोक एकाच लिंकवर येत राहतील.

दुसरं, तुम्ही कॉलनीच्या ग्रुपवर अख्खा लेख चिकटवता. आम्ही तिथेच वाचतो, ब्लॉगवर कशाला येऊ? दोन ओळी आणि लिंक टाका. एक फोटो असा ठेवा की लिंकबरोबर तो दिसेल.

तर्री_पोहे | १३ एप्रिल, रात्री ९:१८

+१. अन् फोटो बारीक करा हो काकू! तुमच्या गुलाबाचा फोटो ६ एमबीचा होता, माह्या फोनवर पाकळी पाकळी करून उघडत होता. हजार-बाराशे पिक्सेल रुंदी पुष्कळ झाली, दीडशे-दोनशे केबीत बसते. लोक होस्टिंगले शिव्या घालतात अन् वजन फोटोचं असते.

महालचा_छापखाना | १४ एप्रिल, सकाळी ८:४०

आज दीक्षाभूमीकडे गर्दी आहे, दुकान उशिरा उघडणार, म्हणून सवडीने लिहितो. ओळखीच्या नर्सरीवाल्याच्या काउंटरवर क्यूआर कोडची छोटी पाटी ठेवा: 'या झाडाची काळजी कशी घ्यायची? इथे वाचा'. गिऱ्हाईक रोप घेताना त्याला तोच प्रश्न विचारतं आणि तो उत्तर देऊन दमलेला असतो. ऐनवेळी भेटलेला वाचक पुन्हा येतो. पाटी पुठ्ठ्याची नको, पाण्याने जाते. लॅमिनेट करून घ्या.

गच्चीवाली | १७ एप्रिल, रात्री ८:५५

बातमी आहे. गोकुळपेठच्या भाजीबाजारात माझ्या बहिणीला त्या मुलाची आई भेटली. संध्याकाळी सात वाजता मुलाचा फोन!

बिचारा लबाड नाही निघाला. डोमेन त्याने कॉलेजच्या ईमेलवर घेतलं होतं. कॉलेज संपलं, ईमेल बंद झाला, मुदतीच्या सूचना बंद पेटीत पडत राहिल्या. नंबरही बदलला होता. होस्टिंग आधीच गेलं आणि तिथला सगळा मजकूरही. रजिस्ट्रारकडे ओळखपत्र पाठवून त्याने खातं सोडवलं, नेहमीच्याच दरात रिन्यू झालं, २५ व्या दिवशी. आता डोमेन माझ्या खात्यात, माझ्या ईमेलवर, माझा मोबाइल जोडलेला. पाच वर्षांचे पैसे भरले, ऑटो रिन्यू लावलं आणि तरीही तारीख कालनिर्णयवर लिहिली. कार्डची मुदत संपली तर ऑटो रिन्यूही फसतं, असं तोच म्हणाला.

ब्लॉगरच जोडायचा ठरवलंय. उरलेल्या चौदा लेखांपैकी आठ अमरावतीच्या एका वाचक बाईंकडे निघाले. ईमेलने लेख मागवायच्या, एकही पुसला नव्हता. सहा गेले.

फुटाळा_संध्याकाळ | १७ एप्रिल, रात्री ९:२०

वा! म्हणून ईमेल यादी जपा. ग्रुप बंद पडतात, फेसबुकला वाटलं तर तुमचं लेखन दाखवतं, वाटलं नाही तर नाही. यादी तुमचीच राहते.

झिरो_माईल | १७ एप्रिल, रात्री ९:३३

वर्डप्रेसवरच्या ज्या पत्त्यांच्या लिंका लोकांकडे आहेत, त्यांच्यासाठी ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये 'कस्टम रीडायरेक्ट' आहे. जुना पत्ता, नवा पत्ता, एकेक भरायचा. एकोणचाळीस लेख म्हणजे एका दुपारचं काम.

गच्चीवाली | १९ एप्रिल, सकाळी ६:५०

जोडलं, पण अर्धवट. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलं तर उघडतं, नुसतं नाव टाकलं तर 'साइट सापडत नाही'. काय चुकलं?

कोडकरी_धरमपेठ | १९ एप्रिल, सकाळी ७:१५

डीएनएस म्हणजे नाव टाकलं की कुठे जायचं ते सांगणाऱ्या नोंदी; त्यात तुम्ही दोन सीनेम रेकॉर्ड टाकलेत, नुसत्या नावासाठीचे ए रेकॉर्ड राहिले. ब्लॉगरच्या मदत-पानावर चार आयपी दिलेत, डीएनएसमध्ये चारही टाका. मग ब्लॉगरच्या सेटिंग्जमध्ये डोमेन रीडायरेक्ट चालू करा, त्याच्याखालचं एचटीटीपीएसही. लगेच दिसणार नाही, काही तास जाऊ द्या. अडलं तर व्यनि (खासगी निरोप) करा. पैसे नाही घेणार, एक कढीपत्त्याचं रोप घेईन.

गच्चीवाली | १९ एप्रिल, दुपारी १२:४०

उघडलं! दोन्हीकडून. रोप तयार आहे, पण आत्ता नेऊ नका, उन्हात मरेल. पाऊस पडला की या.